हृदयाची लय आणि मनाचा ताण

मनुष्याचे हृदय दर मिनिटाला सुमारे 70 ठोके देते. म्हणजे दिवसाकाठी 1 लाखाच्या आसपास. हे काम जन्माआधीपासून अखेरच्या श्वासापर्यंत चालू असते, आणि ते सुरळीत चालले असल्याची खूण अशी की त्याची आपल्याला आठवणही होत नाही. ज्या दिवशी ती आठवण होते त्या दिवशी माणूस घाबरतो. छातीत पाखरू फडफडल्यासारखे होते, एखादा ठोका गळाल्यासारखा वाटतो, अथवा काही कारण नसताना हृदय एकाएकी धावू लागते.

मराठी भाषेने हा अनुभव फार पूर्वी टिपून ठेवला आहे. भय वाटले की उरात धडकी भरते, वाईट वार्ता आली की काळजात धस्स होते, वाट पाहताना जीव खालीवर होतो. काळीज आणि काळजी हे शब्द तर आपल्या बोलण्यात शेजारी शेजारी नांदतात. मनाचा आणि हृदयाचा संबंध आहे हे सांगण्यास शास्त्राची गरज नव्हती. तो संबंध कसा घडतो, किती असतो आणि कोठे संपतो, हे सांगण्यास मात्र शास्त्र लागले.

बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. भालकी, औराद, बसवकल्याण अथवा आळंद तालुक्यातील एखादा मनुष्य छातीत धडधडते अशी तक्रार करतो, तेव्हा त्याला भोवतालच्या मंडळींकडून बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, ‘काही नाही, टेन्शन आहे’. आणि दुसरे, ‘हा हार्ट अटॅक तर नव्हे?’ पुष्कळदा ही दोन्ही उत्तरे चुकीची असतात. पहिल्याने उपचार राहून जातो आणि दुसऱ्याने मनुष्य भीतीनेच अर्धा होतो.

प्रथम हृदयाची लय कोण राखतो ते पाहू. हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंज आहे. ठोक्याचा विद्युत्-संदेश येथे उत्पन्न होतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या एक वर्ष आधी, 1906 मध्ये, जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी वैद्याने कर्णिका आणि जवनिका यांच्यामधील दुसरी गाठ शोधून काढली होती. वरच्या गाठीतून निघालेला संदेश दोन्ही कर्णिकांत पसरतो, खालच्या गाठीपाशी क्षणभर थबकतो आणि मग जवनिकांत उतरतो. तो क्षणभराचा विलंब फार मोलाचा आहे, कारण तेवढ्यात कर्णिकांतील रक्त जवनिकांत उतरते. हॉलंडमधील विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या विद्युत्-लहरी कागदावर उमटविण्याचे यंत्र सिद्ध केले. 1924 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तालुक्याच्या दवाखान्यात आज पाच मिनिटांत निघणारा ‘इसीजी’ हे त्याच यंत्राचे वंशज होय.

भजनाच्या मेळ्याचा दाखला घेतला तर हे सहज उमगेल. एक जाणता टाळकरी लय धरतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग टाळ वाजवितात. कधी एखादा उतावळा गडी मात्रेआधीच टाळ मारतो, मग सारा मेळा किंचित थांबून पुन्हा लयीवर येतो. हृदयातही असे होते. वेळेआधी एक ठोका पडतो, त्यानंतर थोडा विराम येतो आणि पुढचा ठोका जोराचा लागतो. मनुष्याला वाटते की ठोका चुकला. वस्तुतः तो चुकलेला नसतो, आगाऊ पडलेला असतो. असे आगाऊ ठोके निरोगी माणसांतही आढळतात. हृदयाची रचना निर्दोष असेल तर ते बहुधा निरुपद्रवी असतात.

परंतु मेळ्यातील प्रत्येक टाळकरी आपल्याच लयीने वाजवू लागला तर काय होईल? ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात, म्हणजे कर्णिका-कंपनात, नेमके हेच घडते. कर्णिकांत मिनिटाला 350 हून अधिक विस्कळीत संदेश धावत असतात. कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात. मधली गाठ त्यांपैकी काही संदेश खाली सोडते, तेही वेडेवाकडे. म्हणून नाडी कधी जलद, कधी मंद, कधी भरलेली, कधी पोकळ लागते. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी बनते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर लकवा होतो. कर्णिका-कंपन असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांहून सुमारे पाचपट असतो. या विकारातील खरी भीती धडधडीची नाही. या गुठळीची आहे. कित्येकांना तर धडधड मुळीच जाणवत नाही.

हा विकार कशाने होतो? वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचा अतिरेक, मद्य, झोपेत श्वास अडकणे, ही कारणे जगभर आहेत. आपल्या देशात आणखी एक कारण आहे, आणि त्याचा उगम शाळेच्या वयात असतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने धरतो. तो काही दिवसांत बरा होतो. परंतु काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे एकामागून एक सुजतात आणि त्याच वेळी हृदयाच्या झडपांनाही इजा होते. हा संधिवाताचा ताप. सांधे पूर्ववत होतात, झडप मात्र वर्षानुवर्षे आकसत जाते, आणि पुढे ऐन तारुण्यात, पुष्कळदा एखाद्या स्त्रीच्या पहिल्या बाळंतपणाच्या सुमारास, दम लागणे आणि धडधडणे सुरू होते. ज्या मुलाला हा ताप एकदा येऊन गेला आहे त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे द्यावे लागते. मूल बरे दिसते म्हणून ते बंद करणे म्हणजे पुढील दुखण्याला आमंत्रण देणे होय.

आता मनाच्या ताणाकडे वळू. हृदयाच्या गाठीला दोन प्रकारचे मज्जातंतू येऊन मिळतात. एक प्रकार लगाम सैल सोडणारा, दुसरा खेचणारा. संकट दिसले की पहिला जागा होतो, मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि हृदय धावू लागते. वाघ समोर आला तर ही व्यवस्था जीव वाचविते. परंतु सावकाराचा तगादा, बँकेची नोटीस, मुलीचे लग्न, न आलेला पाऊस, ही संकटे वाघासारखी येऊन जाणारी नव्हेत; ती महिनोन्महिने उंबऱ्यात बसून राहतात. मग लगाम सैलच राहतो. झोप तुटते, रक्तदाब चढतो, आणि आधीच नाजूक झालेल्या कर्णिकेत एखादा आगाऊ ठोका सारी लय विस्कटून टाकतो.

जॉन हंटर हा अठराव्या शतकातील लंडनचा विख्यात शस्त्रवैद्य. त्याला छातीच्या वेदनेचा विकार होता आणि राग आला की ती वेदना उसळे. आपल्याला चिडविणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती आपला जीव आहे, अशा अर्थाचे तो बोलत असे. 16 ऑक्टोबर 1793 रोजी रुग्णालयाच्या बैठकीत वादावादी झाली, तो उठून शेजारच्या खोलीत गेला आणि तेथेच कोसळला. मृत्यूनंतर पाहिले तेव्हा त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या. ठिणगी रागाची होती, पण गवत आधीपासूनच वाळलेले होते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली ती भूकंपात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 10 हजार माणसे मृत्युमुखी पडली. बीदर आणि कलबुर्गीची जमीनही त्या पहाटे हादरली. त्यानंतर चारच महिन्यांच्या आत, 17 जानेवारी 1994 च्या पहाटे, अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ भूकंप झाला. तेथील वैद्यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. आदल्या आठवड्यात हृदय एकाएकी बंद पडून दररोज सरासरी पाचांहून कमी माणसे दगावत होती. भूकंपाच्या दिवशी असे 24 मृत्यू झाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. त्यानंतरच्या काही दिवसांत ही संख्या नेहमीपेक्षा खाली आली. म्हणजे भीतीने मुख्यतः त्यांनाच गाठले, ज्यांची हृदये आधीच दुबळी होती.

कर्णिका-कंपनाविषयीही असेच दिसते. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे दीर्घकाळ चाललेल्या पाहणीतून 2004 मध्ये असे आढळले की रागीट आणि वैरभाव बाळगणाऱ्या पुरुषांत हा विकार अधिक उद्भवतो. येल विद्यापीठातील वैद्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना आपल्या मनःस्थितीची रोजनिशी ठेवण्यास सांगितले होते. दुःख, राग, चिंता यांच्या वेळी धडधडीचे झटके अधिक आले, आनंदाच्या वेळी कमी. म्हणून ताण हा कल्पनेचा खेळ नव्हे. परंतु तो एकमेव गुन्हेगारही नव्हे. ‘तू फार विचार करतोस, म्हणून हे झाले,’ असे रुग्णाला ऐकविणे अशास्त्रीय आहे आणि निष्ठुरही आहे.

भीतीचा स्वतःचाही एक ताण असतो. 29 ऑक्टोबर 2021 रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या 46 व्या वर्षी हृदय बंद पडून निधन झाले, तेव्हा कर्नाटकातील हृदयरुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या. 2025 च्या जून-जुलै महिन्यांत हासन जिल्ह्यातील तरुणांच्या मृत्यूंची वृत्ते प्रसिद्ध झाली आणि म्हैसूर व बेंगळूरु येथील जयदेव हृदयरुग्णालयांत पहाटेपासून गर्दी लोटली. शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीला हृदयविकारात एकाएकी मोठी वाढ झाल्याचे आढळले नाही. तपासणी करून घेणे चांगलेच. परंतु ती वृत्तपत्रातील मथळ्यावरून न होता रक्तदाब, साखर, वय आणि घराण्यातील इतिहास यांवरून व्हावी.

सीमाभागातील ताणाला स्वतःचे रूप आहे. येथील शेतकऱ्याचा जीव तुरीत अडकलेला असतो. 2019 मध्ये कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला. 2022 मध्ये मर रोगाने त्याच जिल्ह्यातील तूर मोठ्या क्षेत्रावर उभ्या उभ्या वाळली. रात्रीच्या विजेवर दारे धरणाऱ्याची झोप जाते, मुलगा हैदराबादेस अथवा पुण्यास कामाला गेलेल्या आईबापांची वाट पाहण्यात जाते. त्यात भाषेची अडचण. घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि दवाखान्यातील कागद इंग्रजीत. रुग्ण म्हणतो, ‘घाबरं होतंय.’ त्याला सांगावयाचे असते की हृदय वेडेवाकडे उडते आहे. ऐकणारा समजतो की हा भ्याला आहे. दखनीत ‘दिल घबराता’ म्हटले तरी तीच गत. एका शब्दामुळे इसीजी राहून जातो आणि हाती झोपेची गोळी पडते. स्त्रियांच्या बाबतीत तर हे विशेष घडते.

यावर उपाय सोपा आहे. ‘घाबरं होतं’ एवढ्यावर न थांबता चार गोष्टी सांगाव्यात: धडधड एकाएकी सुरू झाली की हळूहळू वाढली, किती वेळ टिकली, त्या वेळी चक्कर, दम अथवा छातीत कळ होती काय, आणि लय सरळ होती की विस्कटलेली. शेवटची गोष्ट शब्दांत सांगता आली नाही तर बोटाने मेजावर ठोके वाजवून दाखवावेत. त्याला कोणतीच भाषा लागत नाही आणि वैद्याला त्यातून पुष्कळ समजते. घरच्या माणसाने नाडी पाहण्यास शिकावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. विश्रांतीच्या वेळी ते 60 ते 100 असावेत आणि अंतर सारखे असावे. धडधड चालू असतानाच इसीजी निघाला तर निदान निश्चित होते. ती येऊन-जाऊन असेल तर दिवसभर अंगावर बाळगावयाचे होल्टर यंत्र लावतात.

उपचारासाठी आज पूर्वीइतके दूर जावे लागत नाही. बीदर आणि कलबुर्गी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, कलबुर्गीत जयदेव संस्थेचे हृदयरुग्णालय आहे, आणि 2017 पासून बीदर-कलबुर्गी रेल्वेही धावते. पुष्कळ मराठी कुटुंबे भाषेच्या ओढीने लातूर, सोलापूर गाठतात, काही हैदराबादेस जातात. कोठेही जावे, परंतु सारे जुने इसीजी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रक्ततपासणीचे कागद एकाच पिशवीत जपून सोबत न्यावेत.

कर्णिका-कंपनाच्या औषधांचे काम तीन प्रकारचे असते: ठोक्यांची गती आवरणे, लय पूर्ववत करणे, आणि रक्त गोठू न देणे. पैकी तिसरे काम रुग्णाला कधीच जाणवत नाही, म्हणून ‘आता बरे वाटते’ असे म्हणून ती गोळी सोडली जाते, आणि लकव्याची अनेक दुःखे येथूनच सुरू होतात. झडप आकसलेल्या रुग्णांना बहुधा वॉरफरिन अथवा त्याच वर्गातील जुने औषध देतात. नवी औषधे सोयीची असली तरी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. गणेशन कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संधिवाताने झडप बिघडलेल्या रुग्णांत जुन्या वर्गातील औषधेच सरस ठरली. वॉरफरिन घेणाऱ्याने ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमित करावी. तो आकडा सामान्यतः 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. मेथी, पालक, अंबाडी या भाज्या सोडण्याचे कारण नाही, मात्र त्यांचे प्रमाण दर आठवड्याला सारखे असावे. सांधेदुखीची गोळी अथवा कोणाचे चूर्ण वैद्याला न विचारता घेऊ नये. त्याने रक्तस्राव होऊ शकतो. उपवास, रोजा अथवा लेंट पाळणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. उन्हाळ्यात, अथवा जुलाब-उलट्यांनंतर, अंगातील पाणी आणि क्षार कमी झाले तरी ठोके बिघडतात, हेही ध्यानात असावे.

मनाच्या ताणावरील उपाय औषधाच्या जागी नव्हेत, जोडीला आहेत. अमेरिकेत डॉ. धनुंजय लक्किरेड्डी यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहानशा अभ्यासात 49 रुग्णांनी आठवड्यातून दोनदा, तीन महिने योगाभ्यास केला. त्यांचे झटके कमी झाले आणि चिंताही उणावली. 2001 मध्ये इटलीतील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि योगमंत्र म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो आणि रक्तदाब व हृदयगती यांचा मेळ सुधारतो. म्हणजे देवळातील हरिपाठ, मशिदीतील जिक्र, शरणांची वचने आणि चर्चमधील रोझरी, कोणतीही संथपणे म्हटली तर शरीर ते उपकार ओळखते. ज्याला प्रार्थना करावयाची नाही त्याने नुसता श्वास संथ करावा. वजन अधिक असेल तर ते उतरविणे हाही मोठा उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे 2015 मध्ये असे दिसले की ज्या स्थूल रुग्णांनी दहा टक्के अथवा अधिक वजन उतरवून टिकविले, त्यांची झटक्यांपासून सुटका होण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. मद्य आणि तंबाखू सोडावी. रात्रीची झोप ही चैन न मानता औषध मानावी.

धडधड सुरू झाली तर बसावे, सदरा सैल करावा, संथ श्वास घ्यावा, नाडी पाहावी. परंतु शुद्ध हरपणे, छातीत दाब अथवा कळ, श्वास न पुरणे, ही लक्षणे असतील तर वाट पाहू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात न उचलणे, बोबडी वळणे ही लकव्याची चिन्हे होत. पुष्कळ रुग्णांत गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येते; म्हणून तेल चोळण्यात आणि मंत्र घालण्यात तो वेळ दवडू नये. लक्षण केव्हा सुरू झाले ते घड्याळात पाहून ठेवावे, कारण वैद्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

जीवनातील सारे ताण कोणालाही टाळता येत नाहीत. पाऊस वेळेवर आणणे शेतकऱ्याच्या हाती नाही, तुरीचा भावही नाही. नाडीवर तीन बोटे ठेवणे, रात्रीची गोळी न चुकविणे, मुलाचा दुखरा घसा वेळीच दाखविणे आणि घरातील कोणी ‘घाबरं होतंय’ म्हणाले तर त्याला हसण्यावारी न नेता पुढचा प्रश्न विचारणे, एवढे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे.